मेससाठी दूध पावडर वापरावी का? आधी टाकीतलं पाणी बघा

लातूरहून एका ताईंनी विचारलंय. क्लासेसच्या भागात त्यांची मेस आहे, साठेक मुलं-मुली जेवायला असतात. सकाळ-संध्याकाळचा चहा, दुपारी दही नाहीतर कढी, रविवारी काहीतरी गोड, असं मिळून रोज बारा लिटरच्या आसपास दूध लागतं. मार्च संपला की गवळी दूध कमी करतो, भाव वाढवतो, आणि जे आणतो तेही मधूनच तापवताना फाटतं. घरधनी म्हणतात, पावडरची गोणी आणून टाकू, कटकट मिटेल. ताईंच्या शंका तीन आहेत. पोरांच्या तब्येतीला काही होईल का? खरंच स्वस्त पडेल का? आणि जावेचं पाच महिन्यांचं बाळ आहे, त्यालाही हीच पावडर कालवून द्यायला काय हरकत आहे, असं सासूबाई म्हणतात, ते बरोबर आहे का?

माझी नोकरी दूध तपासण्यात गेली. आधी चिलिंग सेंटरवर, मग पावडर तयार होते त्या प्लांटवर, आणि आता हॉटेलवाले, मिठाईवाले, मेसवाले बोलावतात तिथे जातो. त्यामुळे उत्तर लांबेल.

ताई, बाळाचं आधी बोलू, कारण तिथे ‘परिस्थितीनुसार’ वगैरे काही नाही. साध्या दूध पावडरचं दूध त्या बाळाला देऊ नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. साध्या पावडरमध्ये प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपतील त्यापेक्षा जास्त असतात, लोह जवळपास नसतं, आणि स्किम्ड (म्हणजे मलई काढलेल्या दुधाची) पावडर असेल तर बाळाला लागणारी चरबीही नसते. त्यात पाणी टँकरचं किंवा बोअरचं. बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर ते तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू वाहण्याचा मार्गच अडवतं, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. आईला दूध कमी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनीच बाळासाठीचा डबा लिहून दिला तर गोष्ट वेगळी. तो पदार्थ निराळा असतो. त्याच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर 1992 सालापासून आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे. तो डबासुद्धा कोमट पाण्यात कालवायचा नसतो. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी निदान 70 अंश गरम असताना कालवायचं आणि मग थंड करून पाजायचं. सासूबाईंना दुखवू नका, पण या बाबतीत ऐकूही नका.

आता मेसचं.

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी एकत्र झाल्यात, त्या वेगळ्या करू. दूध कमी पडणं ही एक, दूध फाटणं ही दुसरी. फाटण्यावर पावडर हा इलाज नाही. गवळ्याचं दूध फाटतं कारण धार काढल्यापासून तुमच्या गॅसवर येईपर्यंत ते आंबलेलं असतं. ताज्या दुधात आम्लता साधारण 0.13 ते 0.15 टक्के असते. ती 0.2 च्या आसपास पोचली की दूध दिसायला ठीक दिसतं, वासही येत नाही, पण उकळी आली की दाणे धरतं. मे महिन्यात पहाटे चारची धार, मग चार घरचं दूध एका कॅनमध्ये, मग मोटारसायकलवर वीस-पंचवीस किलोमीटर, आणि वाटेत आणखी दोन हॉटेलांवर थांबा. एवढ्यात ते होतंच. गवळ्याला म्हणा, आमच्याकडे आधी ये, प्लॅस्टिकच्या कॅनऐवजी स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा वापर, कॅनला ओलं पोतं गुंडाळ आणि काल संध्याकाळचं दूध सकाळच्या दुधात मिसळू नकोस. दूध आल्या आल्या उकळा, भाजी चिरून झाल्यावर नको. एवढ्यानं फाटणं बऱ्यापैकी थांबतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. ‘फाटू देऊ नकोस’ म्हणून गवळ्याच्या मागे लागलात की काही जण सोडा टाकतात. मग दूध फाटत नाही, पण चवीला साबणासारखं लागतं आणि त्याचं दही नीट लागत नाही. दही एकाएकी बिघडायला लागलं तर आधी विरजणाला दोष देऊ नका.

राहिली टंचाई. ती खरी आहे आणि दरवर्षीची आहे. आपल्याकडच्या म्हशी बहुतेक पावसाळ्यानंतर वितात, म्हणून दुधाचा पूर हिवाळ्यात. एप्रिल-मेमध्ये त्या आटतात, हिरवा चारा संपलेला असतो, आणि दुष्काळ असेल तर दावणीच मोकळ्या होतात. पावडरचा जन्मच या चढउतारासाठी झालाय. हिवाळ्यात जास्तीचं दूध वाळवून ठेवायचं आणि उन्हाळ्यात पाण्यात परत आणायचं.

‘पावडर म्हणजे केमिकल’ असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्यात तथ्य नाही. प्लांटमध्ये काय होतं ते सांगतो. दुधातून मलई काढतात. उरलेलं दूध पाश्चराइझ करून निर्वात भांड्यांमध्ये आटवतात. निर्वात असल्यामुळे ते शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं आणि करपत नाही. ते निम्म्याहून जास्त आटवून घट्ट झालं, म्हणजे त्यात जवळपास 45 ते 50 टक्के घन पदार्थ राहिले, की उंच मनोऱ्यात त्याचे बारीक तुषार उडवतात आणि 180-200 अंशांची गरम हवा सोडतात. थेंबातलं पाणी क्षणात उडून जातं. ते उडताना थेंबाला थंड ठेवतं, म्हणून दाणा स्वतः हवेइतका तापत नाही. तळाशी पडते ती पावडर. अकराएक लिटर मलई काढलेल्या दुधाची एक किलो होते. त्यात बाहेरून काही घालावं लागत नाही. युरिया, तेल आणि डिटर्जंट घोटून केलेलं बनावट दूध ही निराळी गुन्हेगारी आहे, तिची गल्लत पावडरशी करू नका.

पोषणाचा हिशेबही सरळ आहे. स्किम्ड पावडरमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण 35 ग्रॅम प्रथिनं आणि 50 ग्रॅम दुधातली साखर असते. शंभर ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवली की प्रथिनं आणि कॅल्शियम गाईच्या दुधाच्या तोडीचं. जातं काय? मलईबरोबर चरबी जाते आणि चरबीत असणारी अ आणि ड जीवनसत्त्वंही जातात. पाण्यात विरघळणारी ब गटातली काही आणि क वाळवताना थोडी कमी होतात, पण क साठी दूध कोणी पीत नाही. उष्मांकात मात्र मोठा फरक पडतो. म्हशीच्या दुधाच्या लिटरमागे हजाराच्या आसपास कॅलरी, तर या दुधात तिसरा हिस्सा. रात्री एक-एकपर्यंत अभ्यास करणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरांना वजन कमी करायचं नसतं, त्यामुळे पूर्ण दूध काढून सगळं पावडरवर नेणं मला पटत नाही. ज्या मुलांना दुधानं पोट फुगतं त्यांना पावडरच्या दुधानंही फुगेल, साखर तीच आहे.

आता मूळ मुद्दा. मराठवाड्यात कोणी मला पावडरबद्दल विचारलं की मी उलट विचारतो, पाणी कुठलं? कारण पावडरच्या दुधात नऊ-दशांश पाणी तुमचं असतं. गाई-म्हशीच्या दुधातलं पाणी तिच्या शरीरातून गाळून आलेलं असतं. पावडरचं दूध करताना ती गाळणी निघून जाते आणि तुमच्या हौदात जे आहे ते थेट पातेल्यात येतं. आणि दुधाची टंचाई नेमकी कधी? मे महिन्यात. चांगल्या पाण्याची टंचाई कधी? त्याच महिन्यात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुमच्याच लातुरात. मांजरा धरण भरलेलं असलं की नळाच्या पाण्यात दूध छान होतं. धरण तळाला गेलं, नळ आठ-दहा दिवसांनी आला आणि तुम्ही बोअरवर किंवा टँकरवर आलात की तीच पावडर, तोच हात, पण चहा बिघडतो.

असं का, ते समजून घ्या. आपल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. दुधातली केसिन नावाची प्रथिनं पाण्यात अगदी बारीक कणांच्या रूपात तरंगत असतात आणि एकमेकांना दूर ढकलत राहतात. पाण्यातले हे क्षार त्यांचं ते ढकलणं कमी करतात. मग उकळताना कण एकमेकांना चिकटतात, चहात कणी येते, पातेल्याच्या बुडाला थर बसतो. ज्या बोअरच्या पाण्यात तूर डाळ शिजता शिजत नाही, कुकरला आतून पांढरा खडक धरतो, त्या पाण्यात पावडर कालवायची नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले धरलेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. दुधासाठी मी पाचशेच्या आतच राहायला सांगतो. हे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, नाहीतर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. तिथे जडपणा, नायट्रेट आणि फ्लोराइडही कळेल, ते मीटरला कळत नाही.

टँकरच्या पाण्याची दुसरी भानगड म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास. हौदात कोणी ओंजळभर टाकून गेला असेल तर त्या वासाचा चहा पोरं ओततात आणि नाव पावडरला ठेवतात. जारचं थंड पाणी वापरत असाल तर एवढं तपासा की जारवाला खरंच शुद्ध करून देतो की नुसतं थंड करून. आमच्या भागात दोन्ही प्रकारचे आहेत. घरचं आरओ असेल तर त्याचं पाणी या कामाला उत्तम, पण मेसच्या प्रमाणात ते पुरेल का हे तुमच्या मशीनवर आहे.

मोठी खरेदी करण्याआधी घरी एक प्रयोग करा. दोन पातेली घ्या, एकात बोअरचं पाणी, एकात आरओचं किंवा चांगल्या जारचं. दोन्हींत सारख्या मापानं पावडर कालवा, अर्धा तास ठेवा, मग उकळा आणि नेहमीसारखा आलं घालून चहा करा. दोन्ही कप शेजारी ठेवले की माझ्या या दोन परिच्छेदांपेक्षा जास्त कळेल.

कालवण्याची पद्धतही चुकते. लोक पावडरवर पाणी ओततात, मग गोळे होतात आणि ते फोडत बसतात. पाणी पातेल्यात आधी घ्या, हाताला सोसेल इतकं गरम, 40 ते 50 अंश. त्यावर पावडर चिमटीनं भुरभुरत टाका आणि रवीनं घुसळत राहा. उकळत्या पाण्यात टाकाल तर वरचा थर लगेच शिजून आत कोरडी गाठ राहते. कालवल्यावर किमान अर्धा तास विसावू द्या. दाण्याला पाणी पूर्ण शोषायला तेवढा वेळ लागतो, आणि ‘पावडरचा वास येतो’, ‘जिभेवर खडूसारखं लागतं’ या तक्रारींपैकी अर्ध्याअधिक इथेच मिटतात. विसावताना पातेलं झाका आणि अर्ध्या तासाचे तीन तास होऊ देऊ नका.

चहासाठी माझा सल्ला आहे निम्मं-निम्मं. एक लिटर म्हशीचं दूध आणि एक लिटर स्किम्ड पावडरचं दूध. म्हशीच्या दुधात सहा टक्के फॅट धरलं तर मिश्रणात तीन टक्के येतं आणि फॅटशिवायचे घन पदार्थ नऊ टक्क्यांच्या आसपास राहतात. हे माझं डोकं नाही. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी 1940 च्या दशकात हीच युक्ती काढली आणि तिलाच आपण आज टोन्ड दूध म्हणतो. पुढे 1970 मध्ये ऑपरेशन फ्लड ही देशातलं दूध वाढवण्याची योजना सुरू झाली तेव्हा युरोपातून देणगी म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल (तुपासारखी दुधाची चरबी) मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईच्या डेअऱ्यांमध्ये दूध करून विकलं गेलं आणि त्या पैशातून सहकारी दूधसंघ उभे राहिले. म्हणजे ‘आम्ही पावडरचं दूध कधी प्यायलो नाही’ असं म्हणणाऱ्या शहरातल्या माणसानं ते बहुधा प्यालेलं असतं. पिशवीच्या दुधातही टंचाईच्या दिवसांत पावडर असू शकते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आल्याचा चहा फाटतो त्याचा दोषही उगाच पावडरला जातो. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा एक पाचक रस असतो. आलं पाण्यात चांगलं उकळून घ्या म्हणजे तो निकामी होतो, आणि मगच दूध घाला. गुळाच्या चहाला तर पावडर आणखी नाजूक. गूळ शेवटी, गॅस बंद केल्यावर. खात्री नसेल तर मेसमध्ये साखरेचाच चहा ठेवा.

दह्याला पावडर खरोखर शोभते. पिशवीच्या टोन्ड दुधाचं दही पातळ होतं आणि पाणी सोडतं, हे तुम्ही पाहिलं असेल. लिटरमागे 20 ते 25 ग्रॅम स्किम्ड पावडर कोमट दुधात कालवा, उकळी आणून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा आणि कोमट झाल्यावर विरजण लावा. सुरीनं कापावं असं लागतं. त्याहून जास्त पावडर घालायचा मोह टाळा, चव गोडसर पिठाळ होते. उन्हाळ्यात रात्री उशिरा विरजण लावा आणि सकाळी लगेच फ्रीजमध्ये टाका, नाहीतर दुपारपर्यंत आंबून त्याची कढीच करावी लागेल.

रविवारच्या गोडाचं म्हणाल तर गुलाबजाम आणि शेवयाची खीर पावडरवर उत्तम होते. बासुंदी करू नका. आटवलेल्या दुधाला साय लागते, आणि स्किम्डमध्ये ती कुठून येणार? पनीर रबरासारखं होतं. पावडरचा खवा आमच्याकडचे काही मिठाईवाले करतात. वरून तूप किंवा लोणी घालून तो दिसायला जमतो, पण भूम-कुंथलगिरीकडच्या भट्टीवरचा म्हशीच्या दुधाचा खवा ज्यानं खाल्लाय त्याला पहिल्या घासात फरक कळतो. नियमानं खव्याच्या कोरड्या भागात निदान 30 टक्के दुधाची चरबी हवी, हेही विकणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

पैशाचं. इथे तुमच्या घरधन्यांची थोडी निराशा होईल. भाव रोज बदलतात म्हणून समजा धरून हिशेब करू, तुम्ही तुमचे आकडे घाला. पावडर किलोला 320 रुपये असेल तर किलोचं दहा लिटर, म्हणजे मलईविरहित दूध 32 रुपये लिटर. म्हशीचं दूध 70 रुपये. निम्मं-निम्मं केलं की 51 रुपये. आता पिशवीचं टोन्ड दूध 54 ला मिळत असेल तर फरक उरला तीन रुपयांचा. चहाला साठ जणांना दोन वेळा, कपाला 50 मिलिलिटर दूध धरलं तर दिवसाला सहा लिटर. म्हणजे बचत अठरा रुपये. त्यात पाणी कोमट करायचा गॅस, जारचं पाणी आणि रवी धरून उभ्या राहणाऱ्या बाईचा वेळ. निव्वळ म्हशीच्या दुधाशी तुलना केली तर पावडर नक्की स्वस्त दिसते. पिशवीच्या दुधाशी केली तर कसाबसा बरोबरीचा सौदा. पावडरचे भाव चढले की तोटाच. म्हणून पावडर स्वस्त म्हणून घेऊ नका. ती घरात असावी ती यासाठी की गवळी आला नाही, पिशवीची गाडी चुकली, लाइट जाऊन फ्रीज बंद पडला, तरी सकाळी सहाचा चहा चुकत नाही. टेट्रापॅकमधलं दूध सोडलं तर कपाटात महिनोन्महिने थंडाव्याशिवाय टिकणारं दूध दुसरं नाही.

दुकानात गेल्यावर पाकिटाची मागची बाजू वाचा, पुढचं चित्र नाही. ‘स्किम्ड मिल्क पावडर’ लिहिलं असेल तर फॅट दीड टक्क्याच्या आत. ‘होल मिल्क पावडर’मध्ये 26 टक्क्यांहून जास्त फॅट असतं, चव भरीव, पण ती लवकर खवट होते आणि आपल्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. ‘डेअरी व्हाइटनर’मध्ये बहुधा साखर मिसळलेली असते. चहात साखर कमी घालावी लागेल, आणि दही, कढीला तो उपयोगाचा नाही. चौथा प्रकार नॉन-डेअरी क्रीमरचा, वनस्पती तेल आणि ग्लुकोज सिरप. चहा छान पांढरा करतो, पण ते दूध नव्हे, आणि दुधाच्या नावावर तो मुलांना देऊ नका. सुटी पावडर तर कितीही ओळखीच्या माणसाकडून मिळाली तरी नको. त्यात स्टार्च असेल तर उकळून थंड केलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळं होतं. पण माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच केलेली पांढरी पूड) मिसळलं असेल तर या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सीलबंदच घ्या.

ठेवायची कशी? पत्र्याच्या खोलीत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली पावडर पिवळसर पडते, वास बदलतो आणि प्रथिनांचा कसही घटतो. पावसाळ्यात ओल धरून दगड होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कोरडा चमचा, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता. फोडलेलं पाकीट महिन्याभरात संपवा.

ज्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही ती आता सांगतो. पावडर महिनोन्महिने टिकते म्हणून पावडरचं दूधही टिकेल, असं मेसवाल्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. पाणी पडल्या क्षणापासून ते साध्या दुधासारखंच नासतं. सकाळी कालवलेलं संध्याकाळच्या चहाला वापरायचं असेल तर उकळून, लवकर थंड करून फ्रीजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं ओतून द्या. ‘पुन्हा उकळलं की झालं’ हे नेहमी खरं नसतं. जपानमध्ये 2000 साली तेरा हजारांहून जास्त लोक दुधानं आजारी पडले. कारण शोधलं तेव्हा कळलं की पावडरच्या कारखान्यात काही तास वीज गेली होती, तेवढ्यात दुधात स्टॅफिलोकोकस जंतू वाढले आणि त्यांनी विष सोडलं. नंतरच्या उष्णतेनं जंतू मेले, विष तसंच राहिलं, पावडरमधून पुढच्या दुधात गेलं. वीज जाणं तर आपल्याकडे रोजचं. पातेलं बाहेर राहिलं असेल तर पोटं बिघडण्यापेक्षा तीस रुपयांचं दूध ओतलेलं परवडतं.

शेवटचं गवळ्याबद्दल, हे माझं मत आहे, शास्त्र नाही. देवणी, लाल कंधारी जनावरांचा आपला मुलूख, उदगीरला सरकारी दूध भुकटी प्रकल्प होता तो कधीचा बंद, आणि आता बाहेरची पावडर आणून आपण दुधाची तूट भरतो. उन्हाळ्यात चार लिटर कमी देतो म्हणून त्याला तोडलंत तर दिवाळीत, दूध उतू जात असताना, तो तुमच्या दारी येणार नाही. बारापैकी सहा-सात लिटर त्याच्याकडे वर्षभर ठेवा, उन्हाळ्याचा भाव आधी बोलून घ्या, कमी पडेल ते पिशवीनं भरा आणि पावडर आडवेळेला. मुलांनाही सरळ सांगा की चहात पावडरचं दूध आहे. ‘घरच्या म्हशीचं’ म्हणून पाजलंत आणि एखाद्या पोराच्या बापाची स्वतःची डेअरी निघाली तर पंचाईत.

सुरुवातीला 25 किलोची गोणी आणू नका. मी सांगितल्याप्रमाणे दही दाट करायला आणि अडीअडचणीच्या चहाला वापरलीत तर तुमचा महिन्याचा खप चार-पाच किलोच्या वर जाणार नाही, आणि गोणीतली उरलेली पावडर जूनच्या पहिल्या पावसात गठ्ठा होईल. स्किम्डची एक-एक किलोची पाकिटं घ्या, तयार झाल्याची तारीख सहा महिन्यांच्या आतली आहे ना ते बघून. आधी दोन पातेल्यांचा प्रयोग करा, आणि टीडीएसचा आकडा किती आला ते इथे लिहा, त्यावर पुढचं सांगतो.